म्हशाच्या बाजारात तपासलेला डोळा

मी मूळचा संशयी. देवापुढे नारळ फोडतानाही तो नासका निघेल अशी शंका घेणारा. त्यामुळे डावा डोळा अधू होऊ लागला तेव्हा मी चष्मेवाल्यालाच बोल लावला. दोनदा नंबर बदलला, फरक पडेना. दुखणं-खुपणं काही नाही, नुसतं धूसर. बायको म्हणाली, "म्हसोबाला सांगा." मी म्हटलं, म्हसोबा काय चष्मा देणार?

त्या पौषात म्हसा गावी म्हसोबाच्या जत्रेला गेलो तो दर्शनाला कमी आणि बैल घ्यायला जास्त. शेणव्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याचा बैल पसंत पडला. आमच्याकडे जनावर घेताना त्याचा एक डोळा तळव्याने झाकून दुसऱ्यापुढे हात फिरवतात. पापणी लवली तर नजर शाबूत. मी चारचारदा पाहिलं. म्हातारा वैतागला. "ओ दादा, बैल आंधला नाय. आता तुमचा डोला बघू," म्हणत त्याने मस्करीत माझा उजवा डोळा झाकला.

समोर बैलाची शिंगं लालभडक रंगवलेली. डाव्या डोळ्याला ती मळकट विटकरी दिसली. हात काढला की पुन्हा लाल! मी स्वतःच तीनदा झाकून पाहिलं. म्हाताऱ्याला सांगितलं, तसा तो गंभीर झाला. "ह्ये चष्म्याचं काम नाय. मोठ्या डॉक्टरला दाखवा. बैल राहू द्या आज." गिऱ्हाइकाला परत पाठवणारा विकणारा मी प्रथमच पाहिला, आणि त्यातही त्याचा डाव शोधत राहिलो.

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली. डाव्यावर उजेड येताच बाहुली आकसण्याऐवजी मोठी होई. बिघाड डोळ्यामागच्या नसेत आहे म्हणाल्या. मग एमआरआय झाला. डोळ्याच्या नसेवरच्या आवरणाला गाठ होती. दुर्मीळ, पण कॅन्सरची नव्हे.

"मग कापून टाका," मी म्हणालो.

"कापली तर नजरच जाईल. किरणांनी तिची वाढ रोखू."

रोग अंगात ठेवा म्हणणारी डॉक्टरीण! मला काळंबेरं वाटलं. दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, तेही तेच बोलले.

उपचाराच्या वेळी हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा आवळला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाती तपासायला काही उरलं नव्हतं. मनात म्हटलं, म्हसोबा, आता तूच बघ. आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

गाठ अजून आहे. वाढलेली नाही, आणि होती तेवढी नजर टिकली आहे. त्या म्हाताऱ्याचे उपकार कुठे संपतात आणि देवाचे कुठे सुरू होतात, हे मी शोधत नाही. दर तपासणीनंतर रिपोर्ट बायको वाचते. ती "बरं आहे" म्हणते, आणि मी तो कागद मागत नाही.