घारीचा उजवा हात

घार म्हणजे क्रेनवाला. तीस वर्षं तो जमिनीपासून ऐंशी मीटर उंच, काचेच्या केबिनमध्ये बसला, म्हणून साइटवर पडलेलं हे नाव. तोंडाचा महाफटकळ, पण दांड्यावर हात ठेवला की लोण्यासारखा मऊ.

गेल्या आठवड्यात वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी त्याच्या मानेला नळी लावली आणि भुवया चढवल्या. "इथे सूं सूं वाजतंय." सोनोग्राफी झाली. मेंदूकडे जाणारी डावी रक्तवाहिनी सत्तर टक्के बुजलेली! आणि याला ना दुखणं ना खुपणं. "वाजतंय तर वाजू दे," म्हणाला, पण केबिनची किल्ली काढून घेतली तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं.

आज मोठ्या डॉक्टरीणबाई काय ते सांगणार होत्या. सोबत बायको आणि तिचा भाऊ. हा मेहुणाच साइटवर त्याचा इशारेवाला: त्याने खालून हाताने खुणा करायच्या, दाजींनी वरून ओझं हलवायचं.

"किती टक्के बुजलंय एवढ्यावर काही ठरत नाही," बाई म्हणाल्या. "साचलेल्या थराचे कण सुटून मेंदूकडे जातायत का, ते बघावं लागतं. परवा तासभर कानशिलाला यंत्र लावून ऐकलं, एकही कण सापडला नाही. ऑपरेशनमध्येही लकव्याची थोडी जोखीम असतेच. त्रास काहीच नसेल तर गोळ्यांवर भागेल."

"आणि क्रेन?"

"तेही बघू. पण आधी खरं सांगा. सहा महिन्यांत कधी एका डोळ्यापुढे अंधारी आली? जीभ जड झाली? हात लुळा पडला? पाचच मिनिटं का होईना. तसं असेल तर माझं सगळं गणित फिरतं."

"छे!" घार म्हणाला.

झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी. खाली चार माणसं, वर दोन टनांची तुळई, आणि उजवा हात दांड्यावरून घसरून मांडीवर पडला. मेल्यासारखा! दांडा सुटला की क्रेन आपोआप थांबते, म्हणून तुळई जागच्या जागी लटकून राहिली. बोटं पुन्हा हलली तसा त्याने घाम पुसला, काम उरकलं आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही. काढला असता तर केबिन गेलीच. मग घारीने काय, जमिनीवर दाणे टिपायचे?

बाई लिहू लागल्या. "सुटले बाई!" बायको पुटपुटली. मेहुण्याला मात्र राहवेना.

"अहो, यांचा हात कसला लुळा पडतोय! तीन आठवड्यांपूर्वी ऐन वाऱ्यात पाच मिनिटं तुळई हवेत धरली. आम्ही चौघं खाली. केसभर हलली नाही! साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली यांची."

बाईंचं पेन थांबलं. "पाच मिनिटं? कशासाठी?"

"वारा पडायची वाट बघत होते. हो ना दाजी?"

घारीने मेहुण्याकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हटलं की सुटला. त्या दिवशी शाबासकी नाही का गुपचूप खिशात घातली? पण रोज वरून त्याला मेहुण्याचं फक्त हेल्मेट दिसायचं. आज अख्खा चेहरा समोर होता, कौतुकाने फुललेला.

"वारा नव्हता रे," तो म्हणाला. "हातच गेला होता माझा."

"अगं आई गं!" बायकोने त्याचा दंड घट्ट धरला.

बाईंनी लिहिलेला कागद टरकन फाडला. "आत्ताच भरती व्हा. तीन आठवडे नशिबाने निभावलं. याच आठवड्यात ऑपरेशन करायला हवं."

नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली. घार मुकाट्याने बसला. मेहुणा अजून जागचा हललेला नव्हता.

"दाजी, त्यानंतर बारा दिवस मी रोज त्या ओझ्याखाली उभा होतो."