शेवटापासून सांग

लढाईच्या काळात मी सैन्याच्या हेरखात्यात होतो. पकडलेल्या माणसांचे जबाब घ्यायचो. हे मी कधी लपवलं नाही, त्याची फुशारकीही मारली नाही. पण पुढे तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश झालो, तेव्हा लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की हा माणूस पोलिसांच्या कामाचा आहे.

एका सकाळी फौजदार चाकणजवळच्या एका शेतकऱ्याला घेऊन आले. शेतीतून सवड मिळाली की तो देहूरोडला एका ठेकेदाराकडे हमाली करायचा. ठेकेदाराच्या गोदामातून तांब्याची तार चोरीला गेली होती, आणि तो गुन्हा कबूल करायला हा शेतकरी तयार होता. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. न्यायाधीशापुढे दिली की माणूस तुरुंगात गेलाच म्हणून समजा.

"साहेब, आपल्याला मी काय सांगायचं," फौजदार अगदी गोड आवाजात म्हणाले. "लढाईत आपण हेच काम केलंय. ठेकेदारांची ओळख वरपर्यंत आहे. आज उरकलं तर बरं."

माझं डोकंच फिरलं. मला कोणी उरका म्हटलं की ते काम मी मुद्दाम सावकाश करतो. नियमाप्रमाणे पोलिसांना बाहेर काढलं, त्याच्या बेड्या काढायला लावल्या आणि विचार करायला दुपारपर्यंत वेळ दिला. कोर्टाच्या शिपायाला म्हटलं, याला चहा पाज. फौजदार व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. घालू देत.

दुपारी त्याने सगळं घडाघडा सांगितलं. कुठेही अडखळला नाही, तिथेच मला शंका आली. खरं घडलेलं माणूस कुठूनही सांगू शकतो, घोकलेलं फक्त पहिल्यापासून येतं. हे मी लढाईतच शिकलो होतो.

"आता शेवटापासून सांग," मी म्हणालो.

तो गोंधळला. मग खाली मान घालून म्हणाला, "तसं न्हाई येत, सायेब. मला पयल्यापासनंच शिकवलंय."

मी कबुली घेतली नाही. पोलिसांकडे दुसरा पुरावा नव्हता, तो सुटला.

"लढाईत सोडलं असतं का असं कुणाला?" फौजदारांनी जाताना विचारलं.

"तिथे समोर शत्रू असायचा," मी म्हणालो. "हा तुमचा कोण लागतो?"

लवकरच माझी खानदेशात बदली झाली. सामान बांधताना बायकोने विचारलं, वाईट वाटतंय का? वाईट नाही, राग येतोय, मी म्हणालो.

सामान चढवायला तो शेतकरी न बोलावता आला. शेवटची पेटी ट्रकमध्ये ठेवून त्याने घाम पुसला.

"सायेब, त्या चोरीच्या दिसाचं सांगू? शेवटापासनं?"

"सांग."

"लेकीला निजवलं. त्याच्या आदी भाकर खाल्ली. त्याच्या आदी बैलास्नी पाणी दावलं. त्याच्या आदी दिसभर कांदं काढलं. गोदामाकडं त्या दिशी मी गेलोच न्हाई."

कुठूनही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. खानदेशात गेल्यावरही मी शेवटापासूनच विचारत राहिलो. करू देत बदल्या.