खालची कवळी

आत्याच्या कवळीचे पैसे मी उलटे गुंतवले. कंपनीत नवा होतो. शेकडो लोकांच्या घरकर्जांचे हप्ते एकत्र करून त्यांचे थर विकायचे, हा आमचा धंदा. ऑफिसात त्याला सीडीओ म्हणत. आत्या म्हणाली होती, "सगळ्यात वरचा, भक्कम थर घे." मी यादीतल्या पहिल्या ओळीवर खूण केली. यादी मात्र व्याजाप्रमाणे लावलेली. जास्त व्याज वर, आणि ते मिळतं सगळ्यात खालच्या थराला.

आत्या बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर तिने चार भाडेकरू ठेवले. पाचवा फुकटा मी. तोंडातले दात गेले, जीभ मात्र शाबूत. "चणे जमवता जमवता दात गेले," म्हणायची.

चूक कळल्यावर तिला समजावायला बसलो. "आत्या, सगळे हप्ते एका टाकीत पडतात. वरच्या थराचे आधी भरून घेतात, मग मधले. उरलं तर खालचे."

"आपल्या गरम पाण्यासारखं?"

घरात गरम पाण्याची टाकी एकच. शेवटी अंघोळ करणाऱ्याला आत्या भाड्यात सूट द्यायची. पाणी पुरलं तर त्याची चंगळ, नाहीतर कुडकुडणं.

"तसंच."

"म्हणजे सूट मिळेल या लोभाने माझ्या पैशांना शेवटच्या नंबरावर उभं केलंस."

"पण सगळे कर्जदार एकदम थोडेच बुडतात?"

बुडाले. माणसं शेकडो, पण निम्म्यांचा पगार एकाच कारखान्यातून यायचा, आणि त्याला टाळं लागलं. वरच्या थराला पै न पै मिळाली. आत्याच्या वाट्याला भोपळा.

त्या आठवड्यात मी तिच्यासमोर जेवायला बसेना. तिने ताट खोलीत आणून आदळलं. "जेव, शहाण्या. तू उपाशी राहिलास म्हणून मला दात फुटणार आहेत का?"

मग माझ्या पगारातून थोडे थोडे साठवले. दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही कवळ्यांचा हिशेब सांगितला. पैसे एकीपुरतेच होते. "वरची आधी," आत्या त्यांना म्हणाली, "आमच्या पोराच्या धंद्यात तसंच असतं." डॉक्टरांना काही कळलं नाही. मी छताकडे बघत राहिलो.

आता ती अर्ध्या तोंडाने चावते आणि पूर्ण तोंडाने टोमणे मारते. मी रोज शेवटी अंघोळीला जातो, तेही सूट न मागता. खालची कवळी अजून देणं आहे.