फिरता पिंजरा
पेट्रोलचा वास आला की कनेरगाव नाक्यावरचं माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आठवतं; तिथं घड्याळाचे पुर्जे पेट्रोलनंच धुवायचो. एकदा एक मोटारवाला पट्ट्याची निसटलेली पिन बसवायला आला. घड्याळ पुरीएवढं, हिरे जडवलेले, काचेतून सगळी चाकं उघडी. म्या म्हणलं, "हे आतडी काहून दाखवून राहिलं? टाइम कुठं पाहावा?" तो हसला, "काका, कारागिरी तर पाहा." भिंग लावलं, तर इवल्याशा पिंजऱ्यात चाक हेलकावत होतं आन् पिंजरा बी सोता फिरत होता. उभ्या जिंदगीत असं पाहिलं नव्हतं. तरी तोंडातून निघालं, "बेढब हाय," आन् पिन बसवून परत दिलं. आता दुकान न्हाई, पण जेवता जेवता हात थांबतो. तो पिंजरा काहून फिरतो, एवढं इचारलं असतं तर माझं काय गेलं असतं?