मोजून दिलेले पाणी

रोज सकाळी आंघोळ आटोपली की माझे पहिले काम आईचे पाणी भरणे हे असे. त्यासाठी एक पितळी गडू ठरलेला होता. तो गळ्यापर्यंत भरायचा, वर फुलपात्र पालथे घालायचे आणि तिच्या कॉटशेजारच्या स्टुलावर ठेवायचा. पुन्हा सकाळ होईपर्यंत तिला तेवढेच पाणी. मूत्रपिंडे थकली की पोटात गेलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट उरत नाही. ते आधी पायांवर येते, मग चेहऱ्यावर, आणि शेवटी छातीत साचते. आठवड्यातून दोनदा मी तिला बेलापूरहून श्रीरामपूरला नेत असे आणि तिथले यंत्र तिच्या अंगातले पाणी काढून, रक्त गाळून परत देत असे. डायलिसिस हा शब्द आईने कधी उच्चारला नाही. ती त्याला ‘धुणं’ म्हणे. “उद्या धुण्याचा वार हाय,” असे ती आदल्या संध्याकाळी आठवण केल्यासारखे सांगे.

तहान ही काय वस्तू आहे, हे मला तिच्यामुळे कळले. उन्हाळ्यात ती ओला रुमाल ओठांवर धरून बसे. कधी लिंबाची फोड जिभेला लावी. पाणी मात्र गडूतलेच, आणि तेही घोटाघोटाने. त्या दिवसांत तिच्यासमोर पाणी पिणे मला जमेनासे झाले. मी स्वयंपाकघराच्या मागे, मोरीपाशी उभा राहून, भांड्याचा आवाज होणार नाही अशा बेताने पीत असे. एखादा चोरटा घास गिळावा तसे ते पाणी घशाखाली उतरे.

मी तालुक्याच्या न्यायालयात लघुलेखक आहे. लोक बोलतात आणि मी त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतो. स्वतः काही बोलावे असा प्रसंग माझ्यावर क्वचितच येतो आणि आला तरी मी तो टाळतो. म्हणूनच असेल, एकदा धुण्याहून परतताना, रिक्षा साखर कारखान्याच्या फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली असताना आईने जे मागितले, त्याला मी धड उत्तर दिले नाही.

ती म्हणाली, “बाबा, येक सांगून ठिवते. माझी येळ आली का मला नळ्या लावून नगरला न्हेऊ नको. घरी ठेव. आन् त्या दिशी पानी मोजून देऊ नको.”

मी “बघू” म्हणालो.

“बघू म्हंजे तुमच्या कोर्टाची तारीख,” ती म्हणाली आणि तिने तोंड रस्त्याकडे वळवले.

डायलिसिसच्या त्या दालनात तिच्या शेजारच्या खाटेवर राहात्याचे एक वृद्ध गृहस्थ असत. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी जन्मभर पेरू विकले होते. आता त्यांना पेरूच वर्ज्य होता, कारण फळांतले पोटॅशियम थकलेल्या मूत्रपिंडाला काढता येत नाही आणि ते रक्तात वाढले तर हृदय थांबवू शकते. “माझा माल मलाच चालत न्हाई,” ते नव्या रुग्णांना सांगत, “आता सांगा, गिऱ्हाइकानं इस्वास ठेवायचा कसा?” आई त्यांना भाऊ म्हणे, ते तिला अक्का म्हणत.

दोघांच्याही डाव्या हातात सुया टोचलेल्या असत. तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा असे. आईच्या उजव्या हातात तुळशीची माळ आणि चाचांच्या उजव्या हातात तसबीह, त्यांची जपमाळ. यंत्र मध्येच कधीतरी कर्कश ओरडे, परिचारिका धावत येई, नळी सरळ करी. आम्ही सोबतचे लोक दचकून उठत असू. त्या दोघांचे मणी मात्र सरकत राहत. मला त्या दृश्याची सवय कधीच झाली नाही. रक्त देहाबाहेर येऊन काचेसारख्या नळ्यांतून फिरते आहे, आणि ज्याचे ते रक्त आहे तो माणूस शांतपणे नाम घेतो आहे. आपण कशासमोर बसलो आहोत, हे मला तिथे नीटसे कळत नसे. फक्त आवाज खाली आणावासा वाटे.

चाचांकडे नातलगाने हजहून आणलेली जमजमच्या पाण्याची छोटी बाटली होती. ती त्यांनी अखेरच्या वेळेसाठी राखून ठेवली होती. आईकडे देवघरात गंगेचा सीलबंद गडू होताच. एकदा चाचा म्हणाले, “अक्का, तुमची गंगा न् माझं जमजम, दोन्ही पोटात गेलं तर हे मशीन गाळून घेनार.”

“घेऊ द्या भाऊ,” आई म्हणाली, “त्याचं बी पाप धुऊन निघंल.”

परिचारिकेला हसू आवरेना.

पहिल्या वर्षी आईने आमच्यासारख्या घरातच होऊ शकेल अशी एक चूक केली. एकादशी आली आणि तिने नेहमीसारखा उपवास धरला. भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, चार खजूर. आम्हालाही वाटले, उपवासाचे सात्त्विक अन्न, त्याने काय होणार. संध्याकाळपर्यंत तिचे हातपाय लुळे पडले आणि नाडी मंदावली. यंत्रावर तातडीने घेतले म्हणून ती वाचली. डॉक्टर तरुण होते, पण बोलणे प्रौढ. म्हणाले, “आजी, तुमच्या उपवासाच्या ताटात जे जे असतं ते सगळं पोटॅशियम आहे. तुम्हाला एकादशी करायचीच असेल तर पोळी-भात खाऊन करा.”

आईला हे फार लागले. अन्न खाऊन एकादशी कशी होईल, हा प्रश्न तिने घरी येऊन मला विचारला. पुढच्या एकादशीला तिने मुकाट्याने पोळी खाल्ली. मला वाटले, तिने तो विषय सोडला.

मग एका एकादशीच्या सकाळी मी कामावर निघताना अंगणात पाहिले. आई भिंतीचा आधार घेत तुळशीपाशी पोचली होती. हातात फुलपात्र होते. ते तिने आपल्या गडूतूनच भरून आणले होते, आणि सगळे तुळशीच्या मुळाशी ओतले.

मी म्हणालो, “आई, टाकी भरलेली आहे. तुळशीला मी घालतो ना पाणी.”

“टाकीतलं समद्यांचं हाय,” ती म्हणाली. “हे माझं हाय.”

“पण मग तुला दिवसभर कमी पडेल.”

“पडू दे की. त्योच उपास.”

एकादशीपुरते असेल असे मी समजलो, पण पुढे दिसले, ती रोजच घालत होती. कधीपासून, हे मी विचारले नाही. त्या एकादशीला न्यायालयात मी साक्ष उतरवत होतो आणि माझी बोटे आपोआप चालत होती. मन अंगणातच राहिले होते. ज्या बाईचे ओठ दुपारी तडकतात, ती पहिले पाणी रोपाला घालते. देवाने तिच्याकडून सगळे काढून घेतले होते, उपवाससुद्धा. तरी द्यायला तिने काहीतरी शोधून काढले होते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पूजा केल्या आहेत. त्या फुलपात्राशेजारी मांडावी अशी एकही मला आठवली नाही.

शेवटाबद्दल आई आणि चाचा उघडपणे बोलत. आम्हा मुलांना ते ऐकवत नसे. चाचांचे मत ठाम होते. त्यांनी मुलांना सांगून ठेवले होते, की शेवटच्या श्वासापर्यंत यंत्र चालू ठेवा, मोठ्या दवाखान्यात न्या, काही सोडू नका. “श्वास माझा न्हाई अक्का. ठेवायला दिलेला हाय. मालकानं मागितल्याबिगर परत कसा करू?”

“मी तरी कुठं परत करते,” आई म्हणाली. “मी फकस्त दार लावून घेत न्हाई.”

चाचांनी एक मणी ओढला. मग म्हणाले, “पेरूचं बी असंच हाय. कच्चा तोडायचा न्हाई. पिकल्यावर झाडाला बांधून ठेवायचा न्हाई. आता पिकला का न्हाई, ह्यावरच समदं भांडान.”

“वासावरनं कळतं की भाऊ. मी तुमाला सांगायचं व्हय?”

चाचा हसले. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला पटवण्याचा प्रयत्न केला नाही. मी मात्र पटून घ्यायला तयार नव्हतो. यंत्र थांबवणे म्हणजे आत्मघात, आणि तो मी होऊ देणे म्हणजे त्याहून मोठे पातक, असे माझ्या मनाने धरले होते. आज वाटते, त्या भीतीत धर्म थोडा आणि स्वार्थ अधिक होता. सकाळी उठून कुणासाठी गडू भरायचा, हा माझा खरा प्रश्न होता.

आईच्या डाव्या मनगटावर शस्त्रक्रियेने दोन रक्तवाहिन्या जोडलेल्या होत्या. त्या जागेवर बोट ठेवले की आतून एक अखंड थरथर जाणवे. कान लावला तर घरघर ऐकू येई. डॉक्टरांनी ती रोज तपासायला सांगितली होती. आई सकाळी मनगट कानाशी धरी आणि आमच्या गावच्या नदीचे नाव घेऊन म्हणे, “प्रवरा वाहतीया.” मीही कान लावत असे. तो आवाज खरोखर नदीचा होता, रात्री पुलावरून ऐकू येतो तसा, दूरचा आणि न थांबणारा.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिने मनगट बराच वेळ कानाशी धरले. मग हात माझ्यापुढे केला. मी कान लावला. आत काहीच नव्हते.

“आटली,” ती म्हणाली. तिच्या आवाजात घाबरणे नव्हते.

श्रीरामपूरला डॉक्टरांनी तपासून सांगितले, की ती जागा गुठळीने बंद झाली आहे. मानेतून नळी घालता येईल, त्यासाठी नगरला हलवावे लागेल. तिचे हृदयही आता थकले आहे, कदाचित अतिदक्षता विभाग, कदाचित श्वासाचे यंत्र. मी म्हणालो, “तयारी करा.” हे शब्द माझेच होते आणि ते मी आईकडे न पाहता उच्चारले.

डॉक्टरांनी खुर्ची आईच्या खाटेजवळ ओढली आणि तिलाच विचारले, “आजी, तुम्हाला काय हवंय?”

“माझ्या पोराला इचारा,” ती म्हणाली. “त्याला मी मागंच सांगितलंय. त्यो समद्यांचं लिहून घेतो. माझं बी त्याच्या ध्यानात असंल.”

ध्यानात होते. एकेक शब्द होता. मी डॉक्टरांना विचारले, “थांबवलं, तर ते पाप ठरेल का?” हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा नसतो, हे मला कळत होते.

ते म्हणाले, “पापाचं मला सांगता येणार नाही. एवढं सांगतो, तुम्ही त्यांना मारत नाही आहात. आजार आपल्या वाटेनं जाईल. वाटेत त्रास होऊ न देणं माझ्याकडे लागलं. धाप लागली तर त्याची औषधं देतो, फोन केलात तर घरी येतो.”

मी आईकडे पाहिले. ती मला काही विनवत नव्हती. तिने फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला, गावाला निघताना करी तसा. मी म्हणालो, “घरी नेतो.” ते तिला ऐकू गेले की नाही, कळले नाही. पण तिने डोळे मिटले आणि माळ मागितली.

चाचांनी दुसऱ्याच दिवशी सुनेच्या हाती पेरूंची पिशवी पाठवली. निरोप होता, “अक्कांना आता पथ्य न्हाई. माल चांगला हाय.” माझ्या पत्नीने एका पिकल्या पेरूचा मऊ गर चमच्याने काढला. आईने तो जिभेवर घेऊन चाखला. एक पेरू तिने उशाशी ठेवून घेतला. खोलीभर तो वास पसरला होता. “भाऊ खोटं बोलत न्हाईत,” ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस फार शांत गेले. ती बरीच झोपे. जागी झाली की नाम घेई. मी रजा काढली होती. एका दुपारी तिला स्वच्छ जाग आली आणि मला तिचे मागणे पुरे करायचे होते. मी गडू बाजूला ठेवला. पाण्याने काठोकाठ भरलेली घागर उचलून तिच्या कॉटपाशी आणली आणि म्हणालो, “आई, हवं तेवढं पी. मोजलेलं नाही.”

ती घागरीकडे पाहत राहिली. उन्हाची तिरीप पाण्यावर पडली होती आणि तिचा कवडसा छतावर हलत होता. मी तिला मानेखाली हात घालून उचलले, फुलपात्र ओठांना लावले. तिने एक घोट घेतला. दुसरा अर्धा. मग मान बाजूला केली.

“तहान गेली रे बाबा,” ती आश्चर्याने म्हणाली. “येवढी माझ्यासंगं राहिली, आन् न सांगता गेली.”

मी फुलपात्र हातात धरून तसाच बसलो. इतके पाणी, आणि ते मागणारे कुणी नव्हते.

“तू पी,” ती म्हणाली.

“मला नको आहे.”

“पी. माझ्यासमूर पी. मोरीपाशी हुभा राहून चोरासारखा पितोस. येखांद्या दिशी ठसका लागंल.”

तिला माहीत होते. पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मी फुलपात्रातले उरलेले पाणी प्यायलो. तिने खुणेने सांगितले, अजून. मी घागरीतून भरून घेतले आणि प्यायलो, पुन्हा भरले आणि प्यायलो. ती माझ्या घशाकडे पाहत होती, लहान मूल दूध पिते तेव्हा आई पाहते तशी. तिच्या चेहऱ्यावर जी तृप्ती उतरली, ती माझ्या पाणी पिण्याने उतरत होती. हे कसे होते, ते मला समजत नाही. समजून घेण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. त्या घटकेला मला पाप, पुण्य, काहीही आठवले नाही.

“आता बरं वाटलं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिच्या मुखात तुळशीचे पान ठेवून मी गंगेचे पाणी घातले. ती तुळस तिच्याच पाण्यावर वाढलेली होती.

काही दिवसांनी मी चाचांना भेटायला गेलो. त्यांचे यंत्र चालू होते, मनगटातली धारही. शेजारच्या खाटेवर कुणी नवीन बाई होत्या. चाचांनी विचारले, “पेरू चाखला का अक्कानं?”

“चाखला. एक उशाशी ठेवला होता.”

“आन् पानी? पोटभर प्यायल्या का?”

मी म्हणालो, “नाही. मला पाजलं.”

यंत्र ओरडू लागले होते. परिचारिका आली, नळी सरळ करून गेली. चाचा माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या उजव्या हातातले मणी थांबले होते.