वरची काडी

लोणावळ्यापासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात मी मुलींच्या पहिलीवर शिक्षिका होते. जर्मनीबरोबरची दुसरी मोठी लढाई तेव्हा सुरू झाली नव्हती. वर्गात अठरा मुली होत्या. डेप्युटीसाहेबांच्या तपासणीत त्या गणितात कच्च्या ठरल्या तर वर्ग बंद करून मुलींना लोणावळ्याच्या शाळेत घालावे, असे पत्र हेडमास्तरांनी मला वाचून दाखवले होते. लोणावळ्याला त्यांतली एकही जाणार नव्हती. घरचे पाठवणारच नव्हते. त्यामुळे त्या तपासणीवर काय अवलंबून आहे ते मला नीट माहीत होते.

रोज प्रार्थना झाली की पाऊण तास एकं-दहं चाले. सारवलेल्या जमिनीवर मी चुन्याने तीन घरे आखली होती: उजवीकडे एकं, मध्ये दहं, डावीकडे शतं. कारवीच्या बोटभर काड्या आणि दहा काड्यांची घायपाताच्या दोऱ्याने बांधलेली जुडी, एवढेच साहित्य. मी सत्तेचाळीस म्हटले की मुलीने चार जुड्या दहंच्या घरात आणि सात सुट्या काड्या एकंच्या घरात ठेवायच्या, मगच पाटीला हात लावायचा. हा नियम मला करावा लागला, कारण बोलताना सात आधी येतात. मुली सात लिहून मोकळ्या होत आणि त्याचे चौऱ्याहत्तर होऊन बसे. आधी काड्या मांडल्या की ही चूक होत नसे.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात दोरे कुजून जुड्या सुटायला लागल्या. घायपाताचा दोर घरोघर असतो म्हणून मी काड्या मुलींबरोबर घरी दिल्या आणि बांधून आणायला सांगितल्या. आदल्या दिवशी एकोणतीस जुड्या आल्या, तिसावी उद्या आणते असे एकीने सांगितले. मी वहीत लिहिले, ‘जुड्या तीस, तयार’, आणि पुढे खूण केली.

तपासणीच्या सकाळी ती मुलगी सगळ्यांच्या आधी आली.

“बाई, आयनं सांगितलंय, मोजून घ्या.”

तिचे मन राखायला मी तिच्या जुडीतल्या काड्या मोजल्या. अकरा भरल्या. पुन्हा मोजल्या. अकराच.

“अगं, यात एक जास्त आहे.”

“धा तुमच्या, एक वरची,” ती म्हणाली. “बाजारात गवताच्या पेंढ्या देतो तवा बी वरची घालतो आमी. तुमाला कमी कसं द्यायचं?”

“सगळ्यांनी अशाच बांधल्यात?”

“व्हय. माज्या आयनंच समद्यास्नी सांगितलं.”

मी टोपलीतली एक जुडी उघडली. अकरा. दुसरी उघडली. अकरा. ओढ्याकडून टांग्याच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी आणि ती मुलगी खाली बसलो. ती गाठी सोडायची, एक काडी काढायची, मी पुन्हा बांधायची. घरच्या गाठी दुहेरी होत्या, माझी नुसती सरकगाठ. बारा जुड्या झाल्या आणि टांगा दाराशी थांबला. बारा चांगल्या मी टोपलीत वर ठेवल्या, अठरा खाली दडपल्या आणि काढलेल्या काड्या ओच्यात घेतल्या.

साहेब आले, बसले, हजेरीपट पाहिला. पाढे ठीक झाले. मग त्यांनी टोपली उचलली आणि जमिनीवर पालथी केली. खालच्या जुड्या वर आल्या. दुहेरी गाठी मला बसल्या जागेवरून दिसत होत्या.

त्यांनी ढिगावरच्या दहा जुड्या मोजून पुढे सरकवल्या आणि नेमके त्याच मुलीला बोलावले.

“या दहा जुड्या. काड्या किती?”

ती वाकली. गाठी न्याहाळल्या. माझ्याकडे पाहिले. शंभर म्हण, असे माझ्या मनात आले होते, हे लिहायला मला आजही बरे वाटत नाही. मी मान हलवली नाही, एवढेच.

“शंभर न्हाईत,” ती म्हणाली.

“नाहीत?” साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिले. “बाई, दहा दहं म्हणजे शतं, हे हिला येत नाही?”

वर्ग गेला, असे मला वाटले. मग मी उभी राहिले.

“तिला येते, साहेब. जुड्यांत एकेक काडी जास्त आहे. घरी बांधायला दिल्या होत्या. मी वहीत खूण केली, पण उघडून मोजल्या नाहीत. चूक माझी आहे.”

“खूण करायला काय लागतं,” ते म्हणाले. त्यांनी एक जुडी सोडली आणि टेबलावर एकेक काडी ठेवत मोजली. अकरावी काडी हातात धरूनच त्यांनी मुलीला विचारले, “मग किती?”

तिने आधी ती काडी त्यांच्या हातातून मागून घेतली. टेबलावरच्या दहांची जुडी बांधली. उरलेल्या नऊ जुड्यांतून एकेक काडी उपसली. दहा झाल्यावर तिने वेणीची चिंधी सोडली आणि त्यांची एक जुडी केली. मग दहा जुड्या एकत्र शतंच्या घरात ठेवल्या, चिंधीची जुडी दहंच्या घरात, आणि एकंच्या घरावर नुसता हात फिरवला.

“हितं काय न्हाई. पूज्य.”

तिने पाटीवर ११० लिहिले. साहेबांनी पाटी उचलून घेतली.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“रोजच करतो की आमी.”

आणखी तिघींना त्यांनी तसेच विचारले, या खेपेला सरकगाठीच्या बारा जुड्या मी निवडून दिल्या त्यांतून. दोघींना आले, एक रडली. मी हाताची घडी घालून उभी होते.

शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिले: ‘वर्ग पुढील तपासणीपर्यंत चालू ठेवावा. साहित्य मोजलेले असावे.’ दोन ओळी. मी त्या पाचसहा वेळा वाचल्या.

दुसऱ्या दिवशी राहिलेल्या वरच्या काड्या मी मुलींबरोबर घरी परत पाठवल्या. संध्याकाळी त्या मुलीची आई कमरेवर घागर घेऊन शाळेच्या दारात उभी.

“बाई, आमची काडी चालंना व्हय तुमाला?”

मी तिला आत बोलावले आणि तीन घरे दाखवली. तिने ऐकून घेतले, पण तिला पटले असे दिसले नाही.

“मंग जुडीत नगं,” ती म्हणाली. “सुटी घ्या.”

मी सुटी घेतली आणि एकंच्या घरात ठेवली. तेव्हापासून वहीतल्या माझ्या रोजच्या कामांच्या यादीत प्रार्थनेखाली एक ओळ वाढली: एक जुडी उघडून काड्या मोजणे. ते झाल्याशिवाय मी पुढे खूण करत नसे.