फवारणीच्या ड्रोनची बर्फातली चाचणी

माझा धाकटा भाऊ तेव्हा सैन्यात हवालदार होता. सुट्टीवर आला की माण तालुक्यातल्या आमच्या गावी जायच्या आधी दोन दिवस सांगलीत माझ्याकडे उतरायचा. कुपवाडच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. द्राक्षबागांवर औषध फवारणारे ड्रोन आम्ही तिथे बनवतो. एका सुट्टीत तो माझ्याबरोबर तासगावकडच्या एका बागेत आला. बागायतदाराला नवा ड्रोन चालवून दाखवायचा होता. भरलेली टाकी घेऊन ड्रोन उडाला, ओळींवरून फिरला आणि परत जागेवर येऊन बसला. भाऊ बांधावर उकिडवा बसून बघत होता.

"आक्का, ह्या टाकीत औषधाच्या जागी रॉकेल घातलं, तर वर न्हील का गं हे?"

"वर म्हणजे कुठं?"

"आमच्या चौकीवर."

मग त्याने सांगितलं. हवा बिघडली की त्या बर्फातल्या चौकीवर हेलिकॉप्टर येत नाही. रॉकेल, पीठ, औषधं, सगळं जवान पाठीवर घेऊन चढतात. त्याचा गुडघा कबड्डी खेळताना दुखावला, असं घरी सगळ्यांना माहीत होतं. प्रत्यक्षात तो रॉकेलचा कॅन घेऊन उतारावर घसरला होता. "आईला सांगू नगं," एवढंच म्हणाला. सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता. राग मला आला. जे यंत्र आमच्याकडे कुठल्याही बागेत भाड्याने मिळतं, ते ज्यांना खरी गरज आहे त्यांना का मिळू नये?

त्या हंगामात मी बागांची नवी कामं घेतली नाहीत. फवारणीचे पाइप काढले, सामान अडकवायला हूक बसवला, पंखे बदलले. खरी अडचण थंडीची होती, कारण गारठ्यात बॅटरी बसते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही बॅटऱ्या ठेवून पाहिल्या, पण तिथली थंडी पुरेना. शेवटी मिरजेतल्या एका आइस्क्रीमवाल्याने त्याची फ्रीझरची खोली वापरू दिली. स्वेटरवर स्वेटर घालून आम्ही आइस्क्रीमच्या खोक्यांमध्ये उभं राहायचो. बॅटरीला उबदार कवच केलं, तेव्हा कुठे ती टिकायला लागली.

भावाने त्याच्या साहेबांना व्हिडिओ दाखवला आणि साहेबांनी चाचणीला बोलावलं. मी स्वतः ड्रोन घेऊन तळावर गेले. पहिल्या दिवशी वाऱ्याने तो आडवा पाडला. दुसऱ्या दिवशी रॉकेलचा कॅन घेऊन तो चौकीवर उतरला. वायरलेसवर वरून कोणीतरी हसत म्हणालं, "माल मिला, और भेजो." साहेबांनी माझ्याशी हात मिळवला आणि ड्रोन चाचणीसाठी तिथेच ठेवून घेतला.

पुढचं सगळं कागदावर घडलं. सैन्याच्या खरेदी कार्यालयात एक अधिकारी होते. बोलायला सभ्य, चहा पाजल्याशिवाय कधी सोडलं नाही. म्हणाले, "मॅडम, मशीन उत्तम आहे. पण सैन्याला आधी माल पुरवल्याचा अनुभव लागतो."

"पहिल्यांदा देणाऱ्याने अनुभव आणायचा कुठून?"

"नियम मी केलेला नाही."

दुसरी अट याहून वाईट होती. रिमोटमध्ये एक ठरावीक चिप हवी, असं कागदात लिहिलं होतं. ती चिप बाजारातून कधीच गेली होती. आम्ही तिच्या पुढच्या पिढीची वापरत होतो, जास्त लांब पोचणारी आणि कमी बॅटरी खाणारी. मी हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लिहिलंय तेच द्यावं लागेल." म्हणजे चांगलं यंत्र मुद्दाम बिघडवून आणा, तर घेऊ. भंगारबाजारात जुनी चिप शोधत फिरताना मला माझीच चीड आली. मी रिकाम्या हातांनी परत आले आणि जुनी चिप मिळत नाही, मिळाली तरी लावणार नाही, असं अधिकाऱ्यांना स्पष्ट लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

दरम्यान चौकीकडच्या साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी विचारलं, हे यंत्र कुठल्या खात्यात दाखल आहे? कुठल्याच नव्हतं. ड्रोन कुलपात गेला. भावाने फोनवर सांगितलं, "परत पाठीवर चालू झालं बघ, आक्का."

त्याच सुमारास एका मोठ्या शहरात प्रदर्शन भरलं. नवउद्योजकांनी सैन्याशी जोडून घ्यावं, अशी भाषणं झाली. मला शाल दिली, माइक दिला. मी चिपची हकीकत सांगितली आणि म्हणाले, "शाल नको, तो कागद बदला." नंतर एक वरिष्ठ अधिकारी जिन्यात भेटले आणि कुठली अट, कुठलं कलम, हे सगळं माझ्याकडून लिहून घेतलं. काही महिन्यांनी चिपची अट खरंच गेली.

अनुभवाची अट मात्र राहिली. तेव्हा तो अनुभव असलेली एक मोठी कंपनी कुपवाडला आली. ड्रोन तुम्ही बनवा, पुरवठा आमच्या नावाने होईल, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यांच्या माणसाने ड्रोन कधी हातात धरलेला नव्हता. कुठली बाजू पुढची, हेही त्याने विचारलं. मी नाही म्हणणार होते. पण फोनवर भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुझं खरं हाय. पण वर पोरं हायेत गं."

मी सही केली. आता आमचे ड्रोन त्यांचं स्टिकर लावून चौक्यांवर जातात. भाऊ निवृत्त होऊन गावी आलाय. त्याला यात काही वावगं वाटत नाही. "माल पोचतोय न्हवं?" म्हणतो. पोचतोय, हे मला कळतं. तरी वर्कशॉपमध्ये माल भरताना ते स्टिकर चिकटवायचं काम मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते आणि बाहेर जाऊन उभी राहते.